शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन खणात का जाऊन पडतं?

माणदेशी_पोर | १४ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, केबिनमध्येच असायचं. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी चढायला लागली की कंडक्टरची घंटी ऐकू येत नसे, अंदाजानं ओळखायची. त्यांचा डावा कान आधी गेला, मग उजवा मंदावला. आता वय ७३. फोन उचलणं बंद केलंय. पारावर जाणंही कमी झालं. काहीही विचारलं तरी "बरंय" म्हणतात. "जेवला का?" "बरंय." "बैल कुणी सोडला?" "बरंय." गावात पोरं हसतात. मागच्या लग्नात एका पाहुण्यानं आईला विचारलं, "आप्पांच्या डोक्यावर परिणाम झालाय का?"

दोन वर्षांमागं तालुक्याला शिबिर झालं. तीनेकशे माणसं, मांडव, एक टेबल. शेजारी जनरेटर धडधडतोय आणि तिथंच कानाची तपासणी! पाच मिनिटांत कागद हातात. सहा महिन्यांनी हार, भाषण, फोटो आणि मशीनचा डबा. आप्पांनी आठ दिवस घातलं. शिट्टी वाजायची, चुलीवरचं भांडं आपटलं की दचकायचे, आणि आईचं बोलणं मात्र होतं तसंच. सोबतच्या चार बॅटऱ्या संपल्या. तालुक्यातल्या मेडिकलवाल्याकडं त्या मिळत नाहीत. घड्याळवाल्यानं एक सेल दिला तो बसेना. आता मशीन देवघराखालच्या खणात, जुन्या चष्म्याशेजारी.

मी पुण्यात नोकरीला असतो. गेल्या महिन्यात आप्पांना जिल्ह्याला नेलं, तिथं रीतसर तपासणी झाली. उजव्या कानात ५२, डाव्यात ६८ डेसिबलची तूट (आकडा जेवढा मोठा तेवढं ऐकू कमी). दिव्यांग प्रमाणपत्रात "बसत नाही" म्हणाले.

मशीन फुकट मिळालं म्हणून तक्रार करायची सोय नाही. लोक म्हणतात, दिलं ना सरकारनं, आणखी काय पाहिजे? मला तेच विचारायचंय. आणखी काय मागायला पाहिजे होतं? आणि कुणाकडं?

---

तिखटमीठ | १४ मे, रात्री ११:०५

सरळ हिशोब आहे. ऑनलाइन आठशे-हजारात कानामागचं मशीन मिळतं. दोन आणा, एक खराब झालं तर दुसरं. दुकानात गेलात की दीड लाखाचा आकडा सांगतात आणि सोळा चॅनेल, वीस चॅनेल असलं काहीतरी ऐकवतात. सत्तरीच्या माणसाला वीस चॅनेल कशाला? टीव्हीलाही तो तीनच बघतो.

---

पारावरचा | १५ मे, सकाळी ७:१५

आप्पांची "बरंय" वाचून वाईटही वाटलं आणि ओळखही पटली. आमच्याकडं एक आजोबा "हो हो" म्हणायचे. त्यावर शेताचा बांध गेला त्यांचा.

(बांधाची गोष्ट खरी आहे. मोजणीवाला काय विचारतोय ते कळलं नाही.)

---

कर्णिका | १५ मे, दुपारी १:४०

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासून यंत्र बसवणारी, एका सरकारी रुग्णालयात. कुठल्या ते विचारू नका. डबा खाऊन लिहिते आहे, त्यामुळे तुटक होईल.

आधी आप्पांचं मशीन. शिट्टी वाजते याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: कानात बसवलेला भाग सैल आहे. मशीनने मोठा केलेला आवाज फटीतून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि घुमतो. डब्यात येतात ती तयार रबरी टोपणं. डाव्या कानाला ६८ डेसिबलची तूट असेल तर त्या कानासाठी साचा हवा, म्हणजे कानात मऊ लगदा भरून माप घ्यायचं आणि त्यावरून ईअर मोल्ड बनवायचा. शिवाय आधी कानातला मळ बघायचा. मळ असला तरी शिट्टी वाजते.

दुसरी गोष्ट, "भांडं आपटलं की दचकायचे, पण बोलणं होतं तसंच". आवाजाच्या माऱ्याने कान गेला की बहुधा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, ख, ठ यांतलं वेगळेपण जातं. सात की साठ? पाणी की फणी? म्हणून ही माणसं सांगतात, "आवाज येतो, शब्द कळत नाही." अशा कानाला सगळे आवाज सारखे मोठे करून दिले तर भांडं कानठळ्या बसवतं आणि शब्द तसाच अर्धा राहतो. कोणती पट्टी किती वाढवायची हे ऑडिओग्रामवरून (तपासणीत निघालेल्या ऐकण्याच्या आलेखावरून) मशीनमध्ये भरावं लागतं. ते भरल्यावर माणसाला महिनाभर घालायला द्यायचं, परत बोलवायचं, काय टोचतंय ते विचारायचं आणि पुन्हा बदलायचं. दोन-तीन फेऱ्या होतातच. इतकी वर्षं मेंदूला शांततेची सवय झालेली असते. पहिल्या दिवशी पंखासुद्धा वैरी वाटतो.

शिबिरात यातलं काय होतं? तपासणी होते (तीही मांडवात!) आणि मशीन दिलं जातं. मधला आणि नंतरचा भाग कुणाच्याच यादीत नसतो. अहवालात आकडा लिहायचा असतो तो "वाटप संख्या". किती जण सहा महिन्यांनी घालताहेत हा रकानाच नाही. माझ्या मते सगळ्या रोगाचं मूळ तो नसलेला रकाना आहे.

तिखटमीठ, ऑनलाइनचं ते मशीन म्हणजे छोटा लाउडस्पीकर. सरसकट सगळं मोठं करतो, आणि स्वस्त मालात जास्तीत जास्त आवाजाला अटकाव असेलच याची खात्री नसते. राहिलेला कानही जाऊ शकतो. चॅनेलबद्दल (म्हणजे आवाजाच्या किती पट्ट्या वेगवेगळ्या वाढवता येतात) मात्र तुमचं निम्मं पटतं. आप्पांसारख्यांना सगळ्यात महागडं मॉडेल लागत नाही. साधं डिजिटल मशीन नीट बसवलेलं असेल तर ते न बसवलेल्या लाखाच्या मशीनपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

---

तिखटमीठ | १५ मे, दुपारी ३:२०

मग तुमच्या धंद्यातले लोक हे दुकानाच्या पाटीवर का लिहीत नाहीत? अमेरिकेत १७ ऑक्टोबर २०२२ पासून प्रौढांना सौम्य ते मध्यम तुटीसाठी चिठ्ठीशिवाय दुकानातून मशीन घेता येतं. तिथल्या सरकारला कळलं की मधली माणसं काढली तर किंमत उतरते.

---

कर्णिका | १५ मे, संध्याकाळी ६:१०

धंद्याबद्दल बोलताय तर ऐका. खासगीत तपासणी स्वस्त किंवा फुकट असते, कारण सगळी कमाई मशीनच्या किमतीत घातलेली असते. साचा, बसवणं, वर्षभराच्या फेऱ्या, सगळं त्या एका आकड्यात. त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं की प्लास्टिकच्या तुकड्याचे पैसे दिले. मशीनची किंमत वेगळी आणि सेवेची वेगळी लिहिली तर दोन्हीची लाज राहील. हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही, पण माझं मत आहे. तसा श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. बॅटरीवर मात्र कर आहेच. गंमत बघा.

अमेरिकेतला तो नियम सौम्य ते मध्यम तुटीसाठी आहे हे तुम्हीच लिहिलंत. आप्पांचा डावा कान त्या रेषेबाहेर आहे. आणि तिथेही एका कानाने अचानक कमी ऐकू येणं, कान वाहणं, चक्कर असलं काही असेल तर आधी डॉक्टर गाठा असं डब्यावरच लिहावं लागतं. अचानक कान गेला तर पहिले काही दिवस फार मोलाचे असतात. तेव्हा मशीन शोधत बसू नये, कान-नाक-घसावाल्याकडे पळावं.

---

एककान | १५ मे, रात्री ९:३०

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे तर माझी कथा. नवव्या वर्षी गालगुंड झालं, डावा कान ठार गेला. उजवा शंभर नंबरी. प्रमाणपत्र मागायला गेलो तर बाईंनी कागदावर गणित करून दाखवलं: चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले ५, अधिक वाईट कानाची टक्केवारी, भागिले ६. माझं झालं शून्य अधिक शंभर, भागिले सहा. म्हणजे १७ टक्के. लागतात ४०.

गणित चुकीचं आहे असं नाही म्हणत. एका कानावर माझं आयुष्य चाललंच आहे. पण ऑफिसच्या बैठकीत डावीकडचा माणूस काय बोलतो ते मला कळत नाही, रस्त्यावर गाडी कुठल्या बाजूने येते ते समजत नाही. रिक्षात मी नेहमी डाव्या कडेला बसतो, म्हणजे बोलणारा उजवीकडे येतो. बायकोला सप्तपदीपासूनच हे माहीत आहे.

---

पारावरचा | १५ मे, रात्री ९:५०

सप्तपदीत बायको कुठल्या बाजूला असते हो?

---

एककान | १५ मे, रात्री ९:५४

ते नका विचारू. भटजींनी सांगितलेलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

---

कर्णिका | १६ मे, दुपारी २:००

एककान, तुमच्यासाठी 'क्रॉस' प्रकारचं यंत्र असतं. वाईट कानाकडचा माइक आवाज पकडून चांगल्या कानाकडे पाठवतो. एकदा लावून बघा, विकत घ्यायची घाई नको.

आता आप्पांचं प्रमाणपत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तूट म्हणजे 'ऐकण्यास कठीण' आणि दोन्ही कानांत ७० म्हणजे 'बहिरे'. आप्पांचा उजवा ५२. कायद्याच्या लेखी ते ऐकणारे आहेत. पण ५२वाल्या माणसाला समोरासमोर, शांत खोलीतलं नेहमीच्या पट्टीतलं बोलणंही धड कळत नाही. प्रमाणपत्राची रेषा आणि मशीनची गरज यांच्यामध्ये एवढी मोठी पट्टी मोकळी आहे, आणि बहुतेक म्हातारी माणसं तिथेच उभी असतात. २०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले साधारण ५० लाख होते. राष्ट्रीय बहिरेपणा नियंत्रण कार्यक्रमाच्या कागदांत आकडा येतो ६.३ कोटी. दोन्हींत मोजण्याची व्याख्या वेगळी आहे, पण फरक लक्षात घ्या.

मग कुठली योजना कुणाला? एडिप ही दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची जुनी योजना, १९८१पासूनची. तिला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट आहे. आप्पा बाद. राष्ट्रीय वयोश्री २०१७ची, साठीपुढच्यांना, तिथे प्रमाणपत्राचा अडसर नाही पण गरिबीची अट आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री २०२४ची: ६५ वर्षं पूर्ण, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न, एकदाच ३००० रुपये खात्यात. तीन हजारांत एका कानाचंही बरं डिजिटल मशीन येत नाही. पाठीचा पट्टा किंवा काठी येते.

---

ओवीची_आई | १६ मे, रात्री ११:४५

मुलगी झोपल्यावर लिहितेय. ओवी आता आठ वर्षांची आहे, जन्मतः ऐकू येत नव्हतं. आम्हाला ते कळलं ती अडीच वर्षांची झाल्यावर. थाळी वाजवली की वळून बघायची, म्हणून सगळे निर्धास्त. (थाळीची हवा आणि सावली मुलाला कळते, हे नंतर कळलं.) सासूबाई म्हणायच्या, "हिचा बापही उशिराच बोलला." डॉक्टरही म्हणाले, थांबा, बोलेल.

जगभर साधारण हाच नियम सांगतात: महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत यंत्र आणि थेरपी. ही चाळणी करणारं ओएई मशीन तान्ह्या बाळाच्या कानात छोटंसं बोंड ठेवून मिनिटा-दोन मिनिटांत सांगतं. बाळ झोपलेलं असलं की झालं. ज्या प्रसूतिगृहात ओवी झाली तिथे ते नव्हतं, आणि मागायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बीसीजीची लस विसरली तर पाचजण आठवण करतात. कानाची आठवण कुणी करत नाही.

पुढे मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत कळलं की एडिपमधून कॉक्लिअर इम्प्लांटही होतं, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानाच्या आत बसवायचं यंत्र. देशभरातल्या त्या कामाचं समन्वय केंद्र तेच. जन्मजात बहिऱ्या मुलांसाठी पाच वर्षांच्या आतली अट आहे, आम्ही काठावर पोचलो. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची, लोक तिलाच घाबरतात. खरी परीक्षा त्यानंतर. तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, मग मॅपिंग (यंत्र मुलाच्या ऐकण्याला जुळवणं), मग आठवड्याला थेरपी. दोन वर्षं मी आणि ओवी दर मंगळवारी पहाटेची गाडी पकडायचो. "बॉल", "भू", "गाडी आली" असं एकच वाक्य दिवसाला शंभरदा म्हणायचं. नवऱ्याची एक नोकरी त्यात गेली. आता ती माझ्याशी भांडते, तोंड वर करून! मराठीत!

पण तिचा प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा कानाबाहेरचा भाग, कधीतरी बंद पडेल, तेव्हा नव्याचा खर्च लाखांत आहे. त्याची योजना मला अजून सापडलेली नाही. केबल तुटली तरी आमच्या घरात सुतक येतं.

---

साचेवाला | १७ मे, सकाळी ८:३०

इचलकरंजीहून. आमच्याकडं मागाच्या खात्यात दोन माणसं बोलत नाहीत, खुणा करतात. चार बोटं म्हणजे काय, कानाला हात म्हणजे काय, सगळं ठरलेलं. बाहेरचा माणूस बघितला तर म्हणंल मुक्यांचा कारखाना. बारा-बारा तास. कायद्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे म्हणतात, शटलच्या मागाला ते कोण सांगणार? इयरप्लग वाटले होते एकदा. घाम येतो, खाज सुटते, आणि धागा तुटल्याचा आवाज कळत नाही म्हणून कामगारच काढून टाकतात.

चाळिशीत सगळ्यांचे कान जातात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. बायका म्हणतात, आमचा मालक ओरडूनच बोलतो, स्वभाव तसला. स्वभाव नाही ताई, कान आहे.

आप्पांचं ऐकून पहिल्यांदा वाटलं की एसटीवाले पण आमच्याच पंगतीतले.

---

थेम्सकाठ | १७ मे, दुपारी ४:५०

मी इंग्लंडात असते, वय ६१, दोन्ही कानांत यंत्रं आहेत. इथे एनएचएसकडून (इथली सरकारी आरोग्यसेवा) ती फुकट मिळतात, म्हणजे उसनी. यंत्र त्यांचं, वापर आपला. दुरुस्ती फुकट, बॅटऱ्या फुकट, टपालानेही येतात. हरवलं तर पैसे मागू शकतात. अगदी स्वर्ग नाही, तपासणीला महिनोन् महिने थांबावं लागतं आणि यंत्राचा रंग त्यांच्या मर्जीचा.

उसनं ही कल्पना मला मोलाची वाटते. देऊन टाकलं की देणाऱ्याची जबाबदारी संपते. उसनं दिलं की ते चालतंय का हे बघणं त्याच्याच हिताचं. आपल्याकडे भांडी उसनी दिली की आपण विचारतोच ना, "पातेलं परत कधी?"

तिकडच्या आईसाठी मी इथून यंत्र नेलं होतं. मूर्खपणा केला. ते इथल्या संगणकावर भरलेलं होतं माझ्या कानांसाठी! गावाजवळ कुणाकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं. त्यात घर कोकणात. पावसाळ्यात आठवड्याला नळीत पाणी धरायचं. शेवटी तांदळाच्या डब्यात ठेवायला लागली. परवा कळलं की औषधाच्या बाटलीतली सिलिकाची पुडी घालून झाकणाच्या डबीत ठेवायचं असतं.

---

कर्णिका | १७ मे, रात्री ९:१५

तांदळाचा डबा वाचून हसले, पण तुमच्या आईंनी निम्मं बरोबर केलं. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिकाच्या डबीत. पुडीतले दाणे रंग बदलणारे असतील तर रंग बदलला की गरम करून वाळवायचे.

बॅटरीचं सांगते, कारण धाग्यातलं खरं दुखणं तिथेच आहे. या झिंक-एअर बॅटऱ्या, घड्याळाच्या नव्हेत. पाठीवर रंगीत चिकटपट्टी असते. पट्टी काढली की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवायचा. एकदा काढलेली पट्टी परत चिकटवून वाचवता येत नाही. रंग जगभर सारखे: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. मेडिकलवाल्याला नाव सांगू नका, रंग सांगा. आप्पांच्या मशीनच्या दारात आतल्या बाजूला आकडा असेल. लहान सेल आठवडाभर, मोठा दोन आठवडे, असा ढोबळ अंदाज. आता हिशोब करा, दोन कान, बारा महिने. ज्या घरात सिलिंडर पुढे ढकलतात तिथे हा खर्च पहिला कापला जातो.

माझं एक स्वप्न आहे, हसू नका. जिल्ह्याला मी एकटी आहे. बुधवारी बोर्ड असतो, दिवस प्रमाणपत्रांतच जातो. ध्वनिरोधक खोली एक, त्यातला एसी लावला की तपासणी बिघडते म्हणून मे महिन्यात बंद. तालुक्याला कुणी नाही. पण साचा साफ करणं, नळी बदलणं, बॅटरी, मळ आहे का बघणं याला पदवी लागत नाही. आरोग्य केंद्रातल्या एका सिस्टरला किंवा आशाताईला नीट शिकवलं तर येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४मध्ये कमी मनुष्यबळाच्या देशांसाठी हेच सुचवलं. तपासणी आणि यंत्र भरणं आमच्याकडे, देखभाल गावाजवळ. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या (गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या) सेवांच्या यादीत कान-नाक-घसा आहेच, कागदावर. ते कागदावरून टेबलावर आणायचं.

---

तिखटमीठ | १८ मे, सकाळी ९:००

आता कसं! हे आधी सांगितलं असतं तर मी आठशेवालं बोललो नसतो. (घेतलंय एक. वडिलांसाठी. कपाटात आहे.)

---

पारावरचा | १८ मे, सकाळी ९:४०

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, गेल्या खेपेपासून. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेच लागतात. आमच्याकडं दिवाळीला प्रत्येकी काही रुपये वाटून मोकळे होतात, पावतीला सोपं. त्यातून ज्यांच्याकडं प्रमाणपत्र आहे त्यांच्या बॅटऱ्या आणि साचे घेता येतील की. आप्पा त्यात बसणार नाहीत, पण मेडिकलवाल्यानं दहा जणांसाठी माल ठेवला तर अकराव्यालाही मिळेल. त्याला गिऱ्हाईक दिसलं पाहिजे.

माणदेशी, एक काम करा. गावात अशी किती मशीनं पडलीत ते मोजा. ग्रामसभेत "लोकांना त्रास होतो" म्हटलं तर चहा पाजतात. आकडा घेऊन उभं राहिलं तर इतिवृत्तात लिहावं लागतं.

---

माणदेशी_पोर | २ जून, रात्री ९:१०

मंडळी, उशीर झाला. जत्रेला गावाला गेलो होतो. पारावरच्यांचं ऐकलं. मी आणि चुलतभाऊ दोन संध्याकाळी घरोघर फिरलो. विचारायचो, "कानाचं मशीन आहे का, आणि कुठाय?" लोक आधी लाजले, मग खण उघडले.

गावात ११ मशीनं निघाली. चालू २. बॅटरी नाही म्हणून बंद ४. शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवलेली ३, त्यांत आप्पांचं. एक कुत्र्यानं चावलेलं. एक सीलबंद, डबासुद्धा उघडलेला नाही, कारण म्हातारी म्हणाली, "चांगलं आहे, लेकीला देईन." सगळ्यांचा आकडा बघितला, दारातला, आणि सीलबंदाचा डब्यावरचा: सात १३ नंबरची, चार ६७५ची. मेडिकलवाल्याला नारिंगी आणि निळा सांगितलं. तो म्हणाला, दोन पत्ते आणतो, खपले तर पुढचं बघू. ग्रामसभेचा अर्जही दिला. ग्रामसेवकांनी वाचून विचारलं, "बॅटरी म्हणजे ट्रॅक्टरची का?"

आप्पांना परत जिल्ह्याला नेलं. डाव्या कानाचं माप घेतलं, साचा दहा दिवसांनी. कानातून जो मळ निघाला तो बघून आप्पाच म्हणाले, "हे तर एसटीचं ग्रीस."

कर्णिकाताई, एक विचारायचं राहिलं. बाकीच्या म्हाताऱ्यांना जीप करून एकाच दिवशी नेणार आहोत. सहा-सात जण होतील. कान घरूनच साफ करून आणायचे की तिकडं करतील?

---

कर्णिका | ३ जून, दुपारी १:५५

घरी कुणीही कानात काडी, पिन, गरम तेल घालू नका. मळ आणखी आत जातो. तिथला कान-नाक-घसा विभाग बघेल. सगळे कागद, मशीनचे डबे आणि ते सीलबंद मशीनही घेऊन जा. आणि आधी फोन करून दिवस ठरवा. बुधवार सोडून.